वसईचे धर्मग्राम व त्यांचे धर्मगुरू



नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली मोठी घंटा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर तशीच एक आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मारियेची आकृती आहे. भीमाशंकरालाही एक आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत या घंटा वसईकडच्या चर्चमधून विजयचिन्हे म्हणून आल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या विजयाचा अभिमान आम्हांलाही आहे. परंतु ज्या गावांतून त्या घंटा उतरवल्या गेल्या, तेथे पुढच्या रविवारी काय झाले असेल, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आजचे आमचे व्याख्यान त्या रविवारापासून पुढचे आहे. मात्र त्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

कॅथलिक लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात, तो एक चर्च, त्याच्या भोवतालच्या वाड्या आणि त्या वाड्यांवरच्या जन्ममृत्यूंची काळजी वाहणारा एक धर्मगुरू, एवढ्यांचा मिळून होतो. मूल जन्मले की त्याच्याकडे जायचे, लग्न ठरले की त्याच्याकडे जायचे, आणि माणूस अखेरच्या घटका मोजू लागला की तो आपल्याकडे यायचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये लग्नाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवण्याचे बंधन त्याच्यावर घातले. आपल्याकडे गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर आणि क्षेत्रातल्या उपाध्यायाची वही या दोन्हींचे काम तिकडे या एका माणसाकडे आले, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. किल्ल्यात एकेका संघाचे दगडी मठ उभे राहिले. त्यांचे भग्नावशेष आज आपण सहलीला जाऊन पाहतो. बाहेर शेतीवाडीच्या गावांतही चर्च झाली. हे सगळे केवळ प्रेमाने झाले असे कोणी सांगू लागले तर आम्ही ते मान्य करणार नाही. देवळे पाडली गेली, सण आणि विधी यांवर बंदी आली, आणि १५६० मध्ये गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोहोचत होता. लोपीस, परेरा, तुस्कानो ही आडनावे आपल्या माणसांना लागली ती याच काळात.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. ज्याला या माणसांत दिवस काढायचे होते त्या पाद्र्याला त्यांची भाषा शिकावी लागली. फादर स्टीफन्स आणि त्यांचे १६१६ चे ख्रिस्तपुराण यांचे नाव आपण आदराने घेतो, ते योग्यच आहे. परंतु ते गोव्याकडचे. उत्तर कोकणासाठी फ्रान्सिस्कू व्हाझ द गिमारायिश या फ्रान्सिस्कनाने येशूच्या दुःखसहनाचे पद्यमय पुराण रचले आणि ते १६५९ मध्ये लिस्बनला रोमन लिपीत छापले गेले. त्याची भाषा इकडच्या वाड्यांवरच्या मराठीची. एका अनाम मिशनऱ्याने सतराव्या शतकातच या उत्तरेकडील बोलीचे व्याकरण लिहून ठेवले. ते कुन्या रिव्हारा यांनी १८५८ मध्ये गोव्यात छापून काढले. व्याकरण लिहायचे म्हणजे ‘मी जातो, तू जातोस’ हे कोणाला तरी शंभरदा विचारावे लागते. विचारणारा पाद्री आणि उत्तर देणारा बागाईतदार असे दोघे डोळ्यांपुढे आणा. सत्तेच्या इतिहासात त्या दोघांनाही जागा नाही.

सत्तेला हे रुचणारे नव्हतेच. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी आपली भाषा सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे. तीन वर्षांत! फर्माने काढणाऱ्यांना स्वयंपाकघरात कोणती भाषा चालते हे सहसा ठाऊक नसते. फर्मान कागदावर राहिले आणि वसईच्या घराघरांत सामवेदी व वाडवळी बोली चालूच राहिल्या.

आता १७३९ कडे येऊ. मे महिन्यात वसई पडली. तहाने पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ दिले. शिपाई गेले, फिदाल्गो गेले आणि त्यांच्याबरोबर मठांतले गोरे संन्यासीही गेले. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांनी आपल्या धर्माप्रमाणे उपासना करावी, असेही त्या तहात ठरले होते. त्या काळी युरोपात एका ख्रिस्ती पंथाच्या राज्यात दुसऱ्या पंथाला एवढी मोकळीक मिळतेच असे नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलमाची किंमत कळते. वीस-एकवीस वर्षांनी आंकेतिल द्यु पेराँ हा फ्रेंच प्रवासी (ज्याने पुढे अवेस्ता आणि उपनिषदे युरोपला नेली तोच) साष्टीतून फिरला, तेव्हा मराठ्यांच्या अमलाखाली ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे साजरे करीत असल्याचे त्याला दिसले.

हे सण कोणी चालविले? या देशातल्याच काळ्या पाद्र्यांनी. गोरे संन्यासी असताना त्यांना दुय्यम जागा असे. मोठा मठ, मोठा मान, मोठे उत्पन्न यांपैकी काही त्यांच्या वाट्याला येत नसे. राज्य गेले तेव्हा राज्याच्या आधाराने राहणारे निघून गेले आणि हे राहिले. सरकारी तनखा नाही, संरक्षणाला फौज नाही, आणि ज्या धन्याच्या नावाने आपला धर्म इथे आला तो पराभूत झालेला. गावातले शेजारी बदलत्या वाऱ्याकडे पाहत असताना पाद्र्याचा झगा घालून वाडीवरून चालत जाणे हे किती धैर्याचे काम होते, याचा विचार करावा. यांच्यापैकी कोणाचा पुतळा नाही. परंतु जवळजवळ ऐंशी वर्षे त्यांनी बाप्तिस्मे दिले नसते, लग्ने लावली नसती, तर इंग्रज आले तेव्हा वसईत ख्रिस्ती समाज फारसा उरला नसता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुढचा काळ कटकटीचा आहे. पोर्तुगालच्या राजाला ‘पाद्रोआदो’ नावाचा हक्क होता; चर्चचा खर्च त्याने करावा आणि बिशप नेमताना शब्द त्याचा चालावा. मुलूख हातचा गेला तरी हक्क काही सुटला नाही. त्यामुळे आधी पेशव्यांच्या आणि १८१८ नंतर इंग्रजांच्या राज्यात वसईचे चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे पाहत राहिले. १८८६ च्या करारानंतर ते दमणच्या धर्मप्रांतात गेले आणि १९२८ मध्ये तो मोडून मुंबईत सामील झाले. या भांडणांत आम्ही फार शिरत नाही. गावकऱ्यांना त्याचा अनुभव एवढाच, की धर्मगुरू पुष्कळदा गोव्याहून येई, नोंदी पोर्तुगीज वा लॅटिनमध्ये लिही आणि वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणे. लोक मागे गुडघे टेकून आपापल्या प्रार्थना पुटपुटत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली आणि साठीच्या दशकात ही भिंत पडली. धर्मगुरू लोकांकडे वळला आणि मराठी बोलू लागला. पोर्तुगीज फर्मानाला जवळजवळ तीनशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते असे म्हणावेसे वाटते. आता त्याच वाड्यांवरची मुले धर्मगुरू होऊन परत येऊ लागली होती. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षे चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि १९८० नंतरच्या दशकात वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, केळीच्या आणि पानवेलीच्या बागांवर इमारती चढू लागल्या, तेव्हा ‘हरित वसई’च्या आंदोलनात ते रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने जमिनीच्या आणि पाण्याच्या भानगडीत पडावे काय, असे तेव्हा विचारणारे होते. ज्याचा धर्मग्राम म्हणजेच त्या बागा, तो दुसरे काय करणार? २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोधही झाला, हे सांगितले पाहिजे. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हेही वसईच्याच मातीतले, आणि त्यांचा प्रबंध कशावर, तर तुकोबांच्या ईश्वरानुभवावर. आमच्या मते वसईच्या पाद्र्यांच्या साऱ्या इतिहासाची दिशा या एका गोष्टीत दिसते.

आता प्रश्न वेगळा आला आहे. बागाईतदाराची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. मुंबईहून राहायला आलेल्या कुटुंबांना मराठी प्रवचन समजत नाही, म्हणून इंग्रजी मिस्साही होऊ लागली. लाल लुगडे नेसलेली आजी मराठी मिस्सेला आणि नात इंग्रजी मिस्सेला, असे एकाच घरात घडू शकते. या वेळी फर्मान कोणी काढलेले नाही. तरुण धर्मगुरूने प्रवचनाला उभे राहताना त्या दोघींपैकी कोणाकडे पाहून बोलायचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते आहे.