मेजर पॉवेल आणि कोलोरॅडो नदी

१८६९ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस अमेरिकेंतील वायोमिंग प्रांतांत ग्रीन नदीच्या कांठावरून चार होड्या पाण्यांत लोटण्यांत आल्या. त्यांत दहा माणसें होतीं. त्यांचा नायक पस्तीस वर्षांचा असून त्याला उजवा हात नव्हता. यादवी युद्धांत, १८६२ सालीं शायलोच्या रणांगणावर गोळी लागल्यामुळें तो कापावा लागला होता. या नायकाचें नांव जॉन वेस्ली पॉवेल.

ग्रीन नदी कोलोरॅडोस मिळते आणि कोलोरॅडो ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरींतून वाहत जाते. त्या काळीं नकाशावर हा मुलूख बहुतेक कोराच होता. पॉवेल भूगर्भशास्त्राचा अध्यापक. सोन्याच्या शोधार्थ तो निघाला नव्हता. नदीनें पृथ्वीचे थर जेथें उघडे करून ठेवले आहेत, तेथें जाऊन ते वाचावे, एवढाच त्याचा हेतु होता.

पंधरा-सोळा दिवसांतच एक होडी खडकांवर आपटून फुटली. अन्नाचा मोठा सांठा गेला. उंची मोजण्याचे वायुभारमापकही तींतच अडकले. दुसऱ्या दिवशीं दोघे जण मोडक्या होडीपर्यंत पोंचले आणि त्यांनीं जयघोष केला. आपल्या सोबत्यांना शास्त्रीय उपकरणांची एवढी आस्था आहे हें पाहून पॉवेलला धन्यता वाटली. मागाहून कळलें कीं, जयघोष चोरून आणलेलें व्हिस्कीचें पिंप सांपडल्याचा होता! ही गोष्ट त्यानेंच आपल्या ग्रंथांत मिस्किलपणें सांगितली आहे.

पुढचा प्रवास मात्र हंसण्याजोगा नव्हता. एक जण जुलैंतच निघून गेला. अन्न संपत आलें. २८ ऑगस्टला समोरचा भयंकर ओघ पाहून तिघांनीं होड्या सोडल्या व कडा चढून ते वर गेले. ते पुन्हां दिसले नाहींत. वरच्या पठारावर त्यांची हत्या झाली. उरलेले सहा जण त्या ओघांतून सुखरूप निभावले आणि दुसऱ्याच दिवशीं दरीच्या बाहेर पडले. एका दिवसाचें हें अंतर मनाला चटका लावतें.

या प्रवासांत एक प्रश्न पॉवेलला पडला. ग्रीन नदी युइंटा पर्वताला वळसा न घालतां त्याला भेदून कां जाते? त्याचें उत्तर असें कीं, नदी आधींची, पर्वत मागाहूनचा. करवत जागच्या जागीं चालत राहावी आणि ओंडका वर चढत यावा, तसा हा पर्वत सावकाश उंच होत गेला व नदी त्याला कापीत राहिली. या विशिष्ट नदीपुरतें त्याचें अनुमान पुढील संशोधकांनीं बदललें. परंतु तत्त्व टिकलें. हिमालयाला भेदून येणारी आपली सिंधु हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण होय.

पॉवेलची खरी कसोटी मात्र दरींत लागली नाहीं. ती लोकांच्या आशेपुढें लागली. पश्चिमेकडे वसाहती वाढत होत्या आणि नांगर फिरला कीं मागोमाग पाऊस येतो, असें लोक मानूं लागले होते. १८७८ सालच्या आपल्या अहवालांत पॉवेलनें दाखवून दिलें कीं, शंभराव्या रेखांशाच्या सुमारास पश्चिमेचा कोरडा प्रदेश सुरू होतो. तेथील बहुतेक भागांत वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो. सोलापूर-माणदेशाकडील श्रोत्यांना वीस इंच म्हणजे काय, हें सांगावें लागणार नाहीं. सर्वांना सरसकट १६० एकर देण्यापेक्षां बागाइतास ८० एकर आणि कुरणास २५६० एकर द्यावे, अशी त्याची सूचना होती. ती मानली गेली नाहीं.

१८८१ सालीं तो अमेरिकन भूगर्भ-सर्वेक्षण खात्याचा संचालक झाला. १८९० सालीं त्याच्या जलसर्वेक्षणाचा पैसा काँग्रेसनें तोडला. १८९३ सालीं लॉस एंजल्स येथील पाटबंधारे परिषदेंत त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, या साऱ्या जमिनीला पुरेल एवढें पाणीच नाहीं. सभेनें त्याची हुर्यो उडविली. पुढच्या वर्षीं त्यानें संचालकपद सोडलें आणि १९०२ सालीं तो वारला.

१९२२ सालीं सात राज्यांच्या प्रतिनिधींनीं कोलोरॅडोचें पाणी वांटून घेतलें. वर्षाला दीड कोटी एकर-फूट, म्हणजे दीड कोटी एकरांवर फूटभर उभें राहील एवढें. हा हिशेब भरपूर पावसाच्या वर्षांवरून केलेला होता. नदींत सरासरीनें तेवढें पाणी येत नाहीं. ग्लेन कॅन्यन धरणामागें १९६३ पासून सांठूं लागलेल्या जलाशयाला पॉवेलचेंच नांव दिलेलें आहे. २०२३ सालीं त्याची पातळी तोंवरच्या नीचांकास पोंचली, तेव्हां उघड्या पडलेल्या कड्यांवर जुन्या पाण्याची पांढरी रेघ उंचावर दिसत होती. सभेनें जें ऐकून घेतलें नाहीं, तें त्या रेघेनें सर्वांना दाखविलें.