पाणी किती प्यावे?
(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे, असे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. १९४५ साली अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी मोठ्या माणसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे लिहिले होते. हा आकडा बहुधा तिथूनच पसरला. पण त्यातले बरेचसे पाणी खाण्यातूनच मिळते, हे त्यांचेच पुढचे वाक्य लोक विसरले. वरण, कढी, ताक, आंबील, सगळ्यात पाणी असतेच. खुर्चीवर बसणारा आणि कोयता चालवणारा यांचे माप एक कसे असेल?

उन्हात राबणाऱ्याने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको. एकदम तांब्यामागून तांब्या रिचवला तर रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही जिवावर बेतू शकते. खूण सोपी आहे: लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नका. आईचे दूध पुरते. त्यासाठी आईने मात्र भरपूर प्यायला हवे.

आणि इथेच खरी अडचण आहे. वालूरच्या जुन्या बारवेचे चित्र टपाल खात्याच्या पोस्टकार्डावर आले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या पायऱ्या घागर घेऊन कोण चढत होते? बाईच. आजही हंडा तीच आणते आणि घरात सर्वांत कमी पाणी तीच पिते. फडावर तर ती मुद्दाम कमी पिते, कारण जायला आडोसा नसतो. अंधार पडेपर्यंत लघवी दाबून धरायची. मग जळजळ, ताप, मुतखडा. अशा बाईला "आठ ग्लास पी" म्हणून सांगण्यात काय अर्थ?

तेव्हा दोन गोष्टी करा. पाण्याचा कॅन कोपीत ठेवू नका, तोडणी चालू असेल तिथे बांधावर, सावलीत, झाकून ठेवा. लेकरांना जुलाब झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजा, आणि दवाखाना गाठा.

आणि पुरुषांनो, मुकादमाशी उचलीचे बोलणे तुम्हीच करता. उचल ठरवताना त्याच बैठकीत विचारा, की बायकांसाठी आडोसा कोण उभारणार आणि पाण्याचा टँकर कुठवर येणार. तो हसेल. तरी विचारा.