हौशी लघुपट आणि श्रमाचा हिशेब



वसंतातल्या या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. त्या पंक्तीत मला बसवले हा संयोजकांचा चांगुलपणा आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे जे काही झाले ते अंबरनाथच्या एका कारखान्यात, गेटसभांत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चित्रपटकलेवर मी अधिकाराने बोलेन अशी अपेक्षा कृपा करून ठेवू नका. गेल्या वर्षी आम्ही काही मंडळींनी चौदा मिनिटांचा एक लघुपट तयार केला. गाठीला पैसा नव्हता आणि काम करणारे सगळे स्वयंसेवक होते. तो करताना माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न आज आपल्यापुढे मांडावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम हा उद्योग आम्ही का केला ते सांगतो. उल्हासनगरात जीन्सच्या पँटी शिवल्या जातात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पँट शिवून झाली की तिच्या शिवणीतून लोंबणारे धागे कापावे लागतात. हे काम कारखान्यात होतेच असे नाही. पँटींचे गठ्ठे वस्तीत घरोघर येऊन पडतात, बायका दारात बसून धागे कापतात आणि नगावर मजुरी घेतात. गिरणीच्या किंवा कारखान्याच्या कामगाराला संघटित करणे सोपे होते असे मी म्हणणार नाही. पण तो निदान एका गेटमधून आत जात होता आणि त्याच गेटमधून बाहेर येत होता. या बायकांना गेटच नाही. आपल्याला मिळतो तोच भाव शेजारच्या गल्लीत आहे की नाही, हेही त्यांना कळत नाही. सभा बोलवावी तर एकीचा स्वयंपाक व्हायचा असतो, दुसरीचे पाणी आलेले असते. त्या सभेला येत नाहीत, तर सभाच त्यांच्या दारी न्यावी, असे आमच्यातला एक तरुण म्हणाला. एका बाईचे बोलणे चित्रित करून दुसरीला दाखवावे, ही त्याची कल्पना. आमचा लघुपट असा जन्माला आला.

माणसे तीन गावांतून जमली. ही तिन्ही गावे रेल्वेच्या एकाच रुळावर, पण तिघांच्या जन्मकथा वेगळ्या. उल्हासनगर म्हणजे पूर्वीची कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत राहिले आणि १९४९ साली त्या वस्तीला हे नाव मिळाले. अंबरनाथ हे कारखान्यांचे गाव; विमकोच्या काड्यापेट्या एके काळी तिथे बनत, आयुध निर्माणी तिथेच आहे. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे जुने गाव, आता मुंबईच्या चाकरमान्यांनी भरून गेलेले. आमच्यात उल्हासनगरचा एक सिंधी शिंपी होता, अंबरनाथचे दोन कंत्राटी कामगार होते, बदलापूरची एक शिक्षिका आणि महाविद्यालयात शिकणारी काही मुले होती. सारी मिळून अकरा जण. कोणाची सुटी शुक्रवारी, कोणाची रविवारी. कोणी रात्रपाळीचा, कोणी दिवसपाळीचा. या अकरा जणांना एका वेळी एका ठिकाणी उभे करणे हेच आमचे पहिले मोठे चित्रीकरण होते म्हणा ना!

साधने अगदी साधी. कॅमेरा म्हणजे मोबाइल फोन. त्याला घोडा हवा म्हणून एकाने लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तिपाई मागून आणली. चित्र सोपे असते, अवघड असतो तो आवाज, हे आम्हांला पहिल्याच दिवशी कळले. पत्र्याच्या खोलीत बोललेला शब्द घुमतो. त्यावर शिक्षिकाबाईंनी उपाय काढला आणि भिंतीवर गोधड्या टांगल्या. दुसरा एक फोन बोलणाऱ्या बाईच्या मांडीवर ठेवला आणि सुरुवातीला टाळी वाजवली, म्हणजे मागाहून त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवता येतात. दर थोड्या वेळाने लोकल धडधडत जाई. ती गेली की पुन्हा बोलायचे. ट्यूबलाइटच्या उजेडात चित्रात काळे पट्टे सरकू लागले, तेव्हा एका मुलाने कारण शोधून काढले. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमी-अधिक होतो. म्हणून सेकंदाला पंचवीस चित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्राला एक पन्नासांश सेकंद उजेड द्यावा, म्हणजे पट्टे जातात. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, म्हणून स्थानकाचा प्रसंग आम्ही गाळला. आयुध निर्माणीच्या आसपास तर कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही, असे मी सर्वांना बजावून ठेवले होते.

इथवर सारे उत्साहात चालले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही एका बाईंच्या घरी गेलो. चांगल्या बोलणाऱ्या, धीट बाई. दोन तास त्यांना आम्ही बसवून ठेवले. एकदा लोकल आली, एकदा कुकरची शिटी वाजली, एकदा आमचाच फोन बंद पडला. प्रत्येक वेळी "ताई, तेच पुन्हा एकदा सांगा," असे मी म्हणत होतो. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट केले आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं पिक्चर होईल हो, पण माझ्या पँटी कोण पुऱ्या करणार? संध्याकाळी गठ्ठा न्यायला माणूस येईल."

मंडळी, तीस वर्षे मी ओव्हरटाइमच्या मजुरीसाठी भांडत आलो. कामगाराला पंधरा मिनिटे जास्त थांबवले तर व्यवस्थापनाला लेखी जाब विचारणारा मी माणूस. आणि त्या बाईंचे दोन तास मी फुकट घेतले होते, तेही त्यांच्या मजुरीवर लघुपट काढण्यासाठी! मला उत्तर सुचले नाही. आमच्यातला शिंपी मात्र काही न बोलता खाली बसला, त्याने कात्री घेतली आणि धागे कापू लागला. मग आम्ही सगळेच बसलो. आमचे हात सराईत नव्हते. बाईंनी आमच्यातल्या दोघांचे काम परत करायला लावले. संध्याकाळी गठ्ठा पुरा झाला. त्या दिवशी पुढे एकही दृश्य घेतले नाही.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नावर वाचू लागलो, विचारू लागलो. आपल्या चित्रपटाचा इतिहासच घ्या. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्याआधी भांडवलदाराचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना चित्रित करून दाखवले होते. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके त्यांनी घेतले. महिना दहा रुपयांचे पंधरा कबूल केले, असे सांगतात. म्हणजे साळुंक्यांना पगार होता. परंतु सरस्वतीबाई फाळके? त्यांनी दागिने गहाण टाकू दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, फिल्मच्या पट्टीला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या. त्यांची हजेरी कोणत्या पुस्तकात लागली? फाळक्यांचे मोठेपण मी तसूभरही कमी करत नाही. पण घरच्या माणसाचे काम ते काम नव्हे, ही समजूत आपल्या चित्रपटाच्या पाळण्यापासून आहे, एवढे मात्र दिसते. धागे कापणाऱ्या बाईलाही मजुरी कमी देताना हेच म्हणतात: घरी बसून तर करता!

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे आणि ते आपल्या भाषेतले आहे. १९८० साली 'युगांतर' नावाचा स्त्रियांचा चित्रपटगट उभा राहिला. दीपा धनराज त्यात होत्या. छायाचित्रण नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी केले. त्यांच्यामागे चित्रपट कंपनीचे भांडवल नव्हते. १९८१ साली त्यांनी पुण्याच्या घरकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर 'मोलकरीण' हा लघुपट केला. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबरोबर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा दुसरा केला. दोन्ही सुमारे पंचवीस मिनिटांचे, काळ्या-पांढऱ्या फिल्मवरचे. मी 'बरोबर' हा शब्द मुद्दाम वापरतो. निपाणीला ही मंडळी कॅमेरा घेऊन आली आणि दोन दिवसांत गेली, असे झाले नाही. चार महिने त्या कामगार स्त्रियांचे ऐकत राहिल्या, संघटना कशी बांधावी याची चर्चा त्यांच्याबरोबर केली, आणि तंबाखूच्या वखारीतले काम आतून दाखवले. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. लघुपटामुळे कायदा झाला असे कोणी म्हणू नये, त्यामागे पुष्कळ संघटनांची पायपीट आहे. पण त्या स्त्रियांना 'कामगार' म्हणून पडद्यावर आणणाऱ्यांत हा लघुपट होता, हे विसरू नये.

आता कोणी विचारील, मग स्वयंसेवा वाईट का? मी तसे म्हणत नाही. आमच्या संघटनाही स्वयंसेवेवरच उभ्या आहेत. भिंतीवर पत्रक चिकटवणाऱ्याला कोणी मजुरी दिली? फरक आहे तो असा. स्वतःच्या कामासाठी माणूस स्वतः राबतो ती स्वयंसेवा. दुसऱ्याच्या कामासाठी, काही ठरवण्याचा अधिकार नसताना राबतो, तेव्हा तिला जुना शब्द आहे: वेठ. एकाच खोलीत, एकाच कॅमेऱ्यामागे या दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि राबणाऱ्याच्या उत्साहावरून त्या ओळखता येत नाहीत. हिशेब मांडला तरच ओळखता येतात.

म्हणून आम्ही हजेरीपट घातला. साधी वही. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, काय केले, गाडीभाडे किती झाले. पैसे देता आले नाहीत तरी तास लिहिले. चार दिवसांनी ती वही वाचली तेव्हा माझे डोळे उघडले. चहा-भाकरीचे सारे काम दोन मुलींच्या नावावर पडले होते आणि कॅमेरा एकाही मुलीच्या हाती आला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पाळी लावली. त्याच वहीत आणखी एक नोंद होती. अंबरनाथचा एक तरुण रात्रपाळी करून सकाळी आमच्याकडे येई आणि दुपारभर उभा राही. तिसऱ्या रात्री यंत्रावर त्याला डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला. दोष ना यंत्राचा, ना कारखान्याचा. तो दोष माझा. त्याचे तास माझ्यासमोर लिहिलेले होते आणि मी ते मोजले नव्हते. तेव्हापासून नियम केला: रात्रपाळीवाल्याला दिवसा बोलवायचे नाही, आणि बायकामुलींना लोकलला गर्दी कमी होण्याआधी घरी पोचवायचे. नगावर काम करणाऱ्या बाईला बसवायचे तर तिचा गठ्ठा आधी आपण कापायचा, नाहीतर तेवढ्या नगांची मजुरी द्यायची. आमच्या साऱ्या खर्चात गाडीभाडे आणि जेवणाच्या खालोखाल मोठा आकडा या मजुरीचा होता. तेवढा खर्च करूनही लघुपट स्वस्तातच झाला; पण आता तो कोणाच्या जिवावर स्वस्त झाला, हे आम्हांला सांगता येते.

लघुपट तयार झाला तेव्हा पहिला खेळ त्याच गल्लीत केला. दोन खिडक्यांना चादर बांधली. ज्यांचे बोलणे त्यात होते त्यांनी आधी पाहावे आणि नको असेल ते काढायला सांगावे, असे ठरले होते. एका बाईंनी आपल्या नवऱ्याविषयीचे एक वाक्य काढायला लावले. वाक्य फार चांगले होते. आमच्या मुलांना हळहळ वाटली. पण ते काढले. मग दुसऱ्या गल्लीत खेळ केला. तिथे लघुपट अर्ध्यावर आला असताना एक बाई उठून म्हणाली, "थांबवा जरा. हिला नगाला एवढे मिळतात? याच पँटीचे?" पुढचा अर्धा तास पडद्यावर चित्र तसेच थांबले होते आणि खाली सभा चालली होती. जी सभा मला दोन वर्षांत जमवता आली नव्हती ती हीच. त्यातल्या काही जणी पुढच्या आठवड्यात भाव विचारायला एकत्र गेल्या. सगळ्यांचा भाव वाढला असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. काहींचा वाढला, काहींचे गठ्ठे यायचे बंद झाले, आणि त्यांच्यासाठी आमचे भांडण अजून चालू आहे.

शेवटी एकच गोष्ट. अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे आणि त्यामुळे शिलाहार राजाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या भिंतींवर छिन्नी चालवणाऱ्या एका तरी हाताचे नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का? १९७६ साली 'मंथन' निघाला, तेव्हा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घातले होते, आणि त्या शेतकऱ्यांची नोंद चित्रपटाच्या सुरुवातीलाच झाली. आमची श्रेयनामावली लिहायची वेळ आली तेव्हा मुलांनी विचारले, "दादा, दिग्दर्शक म्हणून कोणाचे नाव घालायचे?" आम्ही हजेरीपटच पडद्यावर घातला. अकरा नावे, आणि त्याखाली, ज्यांनी नाव घालू दिले त्या धागे कापणाऱ्या बायकांची. प्रत्येक नावापुढे तास. लघुपटातला तो भाग जरा लांबला आहे, जाणकारांना तो कंटाळवाणा वाटतो. गल्लीत मात्र तो पुन्हा लावायला सांगतात.

आपल्यापैकी कोणी तरुण अशा उद्योगाला लागणार असतील तर त्यांनी अवश्य लागावे. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. सोबत एक वही मात्र घ्यावी, आणि कॅमेरा सुरू करण्याआधी तिच्यात पहिली ओळ लिहावी.