उच्च रक्तदाब : मुकी व्याधी, रोजची दक्षता



ताप आला की अंग तापते, दाढ दुखू लागली की झोप उडते. शरीर आपली तक्रार सांगते आणि माणूस डॉक्टरांकडे धाव घेतो. उच्च रक्तदाब ही व्याधी मात्र बहुधा मुकी असते. ती जडलेला माणूस वर्षानुवर्षे कचेरीत जातो, कुळागरात राबतो, जत्रेला जातो. कुठे काही दुखत नाही. त्या अवधीत हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी होत राहते. पुष्कळ घरांत या व्याधीचे नाव प्रथम ऐकू येते ते पक्षाघाताच्या झटक्यानंतर. ही वेळ टाळणे बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे.

हृदयाने ढकललेले रक्त धमन्यांच्या भिंतींवर जो दाब देते, तो रक्तदाब होय. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी तो अधिक व प्रसरणाच्या वेळी कमी असतो. म्हणून त्याचे आकडे दोन. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक भरला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी वा विडी घेऊ नये आणि पाच मिनिटे स्वस्थ बसावे. पाठीला आधार असावा, पावले जमिनीला टेकलेली असावीत व हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा.

आता प्रश्न स्वयंपाकघराचा. प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. गोव्यातील घरात हा चमचा केव्हा संपतो ते कळतही नाही. पावसाळ्यापूर्वी पुरुमेताची बेगमी होते : खारे बांगडे, सुकी सुंगटे, मिठाच्या पाण्यातील कैऱ्या, लोणची, पापड. सकाळच्या पेजेबरोबर खाऱ्या बांगड्याचा तुकडा हवासा वाटणे स्वाभाविक आहे. पण रक्तदाबाच्या रोग्याने तो रोज घेऊ नये. खारी मासळी रांधण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. कालवणात मीठ कमी घालून सोलांच्या आंबटपणाने रुची आणता येते. सैंधव निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे, कारण तेही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. याच्या जोडीला आठवड्यातून निदान पाच दिवस अर्धा अर्धा तास झपाट्याने चालावे. तंबाखू सोडावी आणि फेणीला औषध मानू नये.

सर्वांत मोठी चूक घडते ती औषधाच्या बाबतीत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरील गुण ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. आज अनेक प्रभावी औषधे सहज उपलब्ध आहेत. पण डबीतली गोळी पोटात गेल्यावाचून गुण देत नाही. आकडा उतरला की रोगी म्हणतो, ‘बरे वाटते, आता गोळी कशाला?’ आकडा उतरला तो गोळीमुळेच, हे तो विसरतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळी बंद करू नये, शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, आणि झाडपाल्याचे प्रयोगही स्वतःच्या मताने करू नयेत.

चेहरा एकाएकी वाकडा होणे, एका हातातील किंवा पायातील शक्ती जाणे, वाचा अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तथापि ती वेळच येऊ नये यासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीने, काही दुखत नसले तरीही, जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन आपला रक्तदाब मोजून घ्यावा. ही व्याधी स्वतः बोलत नाही. तिला बोलके करण्याचा मार्ग हाच आहे.