ट्रेक सोपा की अवघड?



पावसाळा लागला की आपल्या सोसायटीतली पोरं विचारतात, "काका, हा ट्रेक सोपा की अवघड?" मी उलट विचारतो, "कोणत्या वाटेने? कोणत्या महिन्यात?"

आपला शिवनेरीच घ्या. सात दरवाजांची पायऱ्यांची वाट आजीबाईसुद्धा बसत-उठत चढतात. त्याच गडाची साखळीची वाट कातळातल्या खोदीव पायऱ्यांची. तिथे सोबत माहितगार हवाच. भीमाशंकरला खांडसहून गणेश घाट लांबचा पण सोपा, शिडी घाट जवळचा पण अवघड. पावसात तर शिड्या, कातळ सगळंच निसरडं. म्हणून 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' वाचताना वाट आणि ऋतू दोन्ही बघा.

खुणांचंही तसंच. दगडावर रंगवलेला बाण धुक्यात दिसत नाही, आणि गुरांच्या वाटा फसव्या असतात. पुढची खूण सापडली नाही, तर शेवटच्या खुणेपाशी परत या. तिथूनही वाट मिळेना, तर आल्या वाटेने खाली उतरा. त्यात कमीपणा नाही.

आणि निघताना घरी नुसतं गडाचं नाव सांगू नका, वाटेचंही सांगा. शोधायची वेळ आलीच, तर माणसं कुठल्या बाजूने पाठवायची ते त्यावरूनच ठरतं.