‘स्किन’ नावाचा मार्कर

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात मुलांच्या व्यक्तिचित्र प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी ‘बी’ विंगमधील निवृत्त चित्रकला शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. शाळेत दहा मिनिटं माझी हजेरी घेण्यातच जायची. तरी प्रयत्न करते.

मागच्या भिंतीवर बावीस चित्रं लागली आहेत, ती आपल्या पहिल्या बावीस सभासदांची. या जागेवर पऱ्हाटी उभी होती तेव्हा ज्यांनी विश्वासानं हप्ते भरले, ते हे लोक. त्यांतले नऊ जण आज आपल्यात नाहीत. चित्रं काढली अकरा मुलांनी, वयं नऊ ते पंधरा, आणि ती रंगवली मार्करने. मार्कर म्हटलं की आपल्याला पांढऱ्या फळ्यावर लिहायचा नाहीतर पार्सलवर पत्ता टाकायचा तो जाड पेन आठवतो. हे तसे नव्हेत. यांत अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग असतो. सचिव साहेब, दचकू नका, पिण्याचं नाही ते. अल्कोहोल भराभर उडून जातं आणि रंग कागदात राहतो. एक टोक चपटं, दुसरं कुंचल्यासारखं लवचीक.

हे वेड मुलांकडे आलं जपानी कार्टूनमधून. त्यातली पात्रं काढायची, मोठे डोळे, टोकदार केस, आणि मार्करने रंगवायची. जपानमध्ये १९८७ साली कॉपिक नावाचे असे मार्कर निघाले. हे नाव ‘कॉपी’वरून आलं, कारण झेरॉक्सची काळी रेघ त्या शाईनं विरघळत नाही. आज त्यांच्या ३५८ छटा मिळतात. आपल्या मुलांचे मार्कर ते नव्हेत हो, तसला एक घ्यायचा म्हणजे यांचा अख्खा स्वस्त संच येतो. पण झेरॉक्सची युक्ती आम्ही उचलली. मुलांनी रेघांचं चित्र काढलं, आणि लग्नपत्रिका छापतात त्या गुळगुळीत आयव्हरी कार्डावर प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती काढून आणल्या. एक बिघडली तर दुसरी आहे, एवढा धीर मुलांना पुरतो. एकानं घाईत बॉलपेनच्याच रेघेवर मार्कर फिरवला. त्याच्या चित्रातल्या काकांच्या मिशा गालभर पसरल्या. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे त्याला आता जन्मभर सांगावं लागणार नाही.

आता मुद्द्याचं सांगते. तिसरं की चौथं चित्र पूर्ण झालं होतं. ‘सी’ विंगमधल्या आपल्या एका काकूंच्या दिवंगत यजमानांचं. सहावीतल्या मुलीनं काढलं होतं, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो समोर ठेवून. चष्मा, टोपी, हसताना डावा गाल वर जायचा तोसुद्धा बरोबर. मी खूश. काकूंना बोलावून आणलं. त्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“हे कोन व्हय वो बाई?”

मी म्हटलं, “अहो, काकाच तर आहेत.”

“नाही वो. आमचे असे कुठी होते? हा तं पुन्याचा दिसते.”

सगळे हसले. काकू नाही हसल्या. मुलगी तर नाहीच. मग मी चित्राकडे नीट पाहिलं आणि दिसलं. काका गुलाबी होते. मुलीनं संचातला ज्या मार्करला सगळी मुलं ‘स्किन’ म्हणतात तो घेतला होता आणि काकांचा चेहरा, मान, हात त्यानं भरून टाकले होते. तिचं काही चुकलं नव्हतं. माझी चूक होती, आणि फार जुनी होती.

एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवली. दरवर्षी फळ्यावर एकच कृती लिहायची: पांढरा, त्यात थोडा पिवळा ऑकर, थेंबभर शेंदरी, हा झाला ‘अंगाचा रंग’. समोर बसलेल्या पन्नास पोरांपैकी एकाचंही अंग त्या रंगाचं नव्हतं, आणि तिकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबांचं चित्र मी स्वतः केलं, तेही त्याच रंगात. डोक्यावर खापर, हातात खराटा, आयुष्यभर उन्हातान्हात गावं झाडत फिरलेला माणूस, आणि मी त्यांना सावलीत वाढलेल्या माणसाचं अंग दिलं. अमेरिकेत क्रेयोला कंपनीच्या खडूंमध्ये ‘फ्लेश’ म्हणजे ‘अंग’ नावाचा एक फिका खडू होता. त्याचं नाव त्यांनी १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केलं. तेव्हा मी पाटीवर अ-आ-इ गिरवत होते. पुढे शिक्षिका होऊन मीच तो जुना धडा इथे शिकवत राहिले.

त्यात गंमत अशी, की मी स्वतः सावळी. सगळे पाहताच आहात. १९७८ मध्ये अकोल्याच्या एका स्टुडिओत माझा ‘दाखवायचा’ फोटो काढला होता. तेव्हा निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलनं टचिंग करत. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की कागदावर तेवढा भाग उजळ येतो. फोटो असा सुंदर आला की आईनंच विचारलं, ही कोण? एका स्थळाला फोटो पसंत पडला, मी नाही पडले. पुढच्या स्थळाला बाबांनी फोटो पाठवलाच नाही. “मुलगी बघा आणि सांगा,” एवढंच कळवलं. ते स्थळ तिसऱ्या रांगेत बसलं आहे, आणि आत्ता मान खाली घालून हसतं आहे.

आपली तऱ्हाच अशी आहे. विठ्ठलाला सावळा म्हणताना आवाज ओला होतो, सुनेला सावळी म्हणताना तोच आवाज खाली येतो. रुक्मिणी आपल्या कौंडिण्यपूरची, म्हणजे श्रीकृष्ण वऱ्हाडचा जावई. जावई सावळा चालला, अजून कौतुक सांगतो आपण!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना म्हटलं, मार्कर बाजूला ठेवा आणि सगळ्यांनी हात टेबलावर ठेवा. अकरा हात, बारावा माझा. मध्ये तो ‘स्किन’ मार्कर ठेवला. एकाही हाताशी जुळेना. सगळ्यांत गोऱ्या मुलाच्या मनगटाशीसुद्धा नाही, तो पिवळटच निघाला. मग त्याच कार्डाच्या तुकड्यावर सगळ्या ब्राउन, पिवळ्या, लाल मार्करांचे चौकोन भरून तक्ता केला, कारण झाकणाचा रंग आणि कागदावरचा रंग यांत फार फरक असतो. मुलं तक्ता हाताला लावून आपापला रंग शोधायला लागली. कुणाला एका मार्करमध्ये सापडला नाही. दोन, कुणाला तीन लागले, एकावर एक. तो तास माझ्या नोकरीतल्या कुठल्याही तासापेक्षा चांगला झाला, आणि झाला निवृत्तीनंतर!

घरी मुलं हे रंगवतात म्हणून पालकांसाठी थोडं सांगते. मार्करची शाई पारदर्शक असते. पोस्टर कलरसारखी वरून पांढरा देऊन चूक झाकता येत नाही. कागद हाच पांढरा. म्हणून आधी फिका, मग गडद. फिका ओला असतानाच कडेनं गडद लावायचा आणि जोडावर परत फिका फिरवायचा, म्हणजे पट्टा राहत नाही. सावळ्या चेहऱ्याला सावली द्यायला मुलं काळा उचलतात. काळ्यानं चेहरा मरतो. जांभळट किंवा लालसर ब्राउन घ्यावा, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाखाली, मानेवर. आणि कपाळ, नाकाचं टोक या ठिकाणी पहिला थर तसाच सोडावा. उन्हात राबलेल्या कपाळावर जी चकाकी असते, ती गोऱ्या कपाळावर येतच नाही. पांढऱ्या केसांना काही लावायचं नाही, फक्त मधल्या फटींत करडा.

आपल्याकडच्या मे महिन्यात याची एक वेगळीच अडचण. दुपारी शाई कागदावर टेकते न टेकते तोच वाळते, दोन रंग एकमेकांत मिसळायला वेळच देत नाही. कूलर लावला तर कार्ड सादळतं. म्हणून आमचा वर्ग सकाळी साडेसहा ते नऊ, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास डोक्यात जातो. सुट्टीत इतक्या सकाळी मुलं उठली, यावर त्यांच्या आयांचा अजून विश्वास नाही.

सहावीतली मुलगी मात्र दोन दिवस आली नाही. मी घरी गेले तर म्हणाली, “मॅडम, मला काका आठवतच नाहीत, मी लहान होते.” फोटोत तर फ्लॅशनं सगळेच पांढरे. मग आम्ही दोघी काकूंकडे गेलो आणि तिनंच विचारलं, “आजी, आजोबांचा रंग कसा होता?” काकूंनी क्षणभर विचार केला. “पह्यला पानी पडल्यावर वावर कसं दिसते? तसे.”

मुलीनं वावर पाहिलेलं नव्हतं. तिच्या बाबांनी रविवारी तिला स्कूटरवर बसवून अंजनगाव बारीच्या बाजूला नेलं. पाऊस कुठला मे महिन्यात, पण बाटलीतलं पाणी मातीवर ओतून पाहिलं. येताना ढेकूळ घेऊन आली. तिसऱ्या प्रतीवर तिनं चार मार्कर वापरले, आणि त्यांतला एकही ‘स्किन’ नाही. सगळ्यांत खालचा थर चक्क नारिंगी आहे, जवळ जाऊन पाहा, कानाच्या पाळीवर दिसतो. ते तिचं तिनं शोधलं, माझं श्रेय नाही.

काकू आल्या. पुन्हा बराच वेळ उभ्या राहिल्या. मग टोपीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हं. हे व्हय.” थोड्या वेळानं, “घरी नेऊ काय?”

मी म्हटलं, प्रदर्शन झालं की न्या. पण एक पथ्य आहे. हा रंग उन्हानं उडतो, आणि तुमचा हॉल पश्चिमेचा. स्कॅन करून ठेवलं आहे, तरी मूळ चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा कपाटात ठेवलं तर जास्त टिकेल.

“कपाटात कायले?” काकू म्हणाल्या. “मी दुपारी पडदा लावत जाईन.”