साथीचे दिवस आणि डायलिसिसचा रुग्ण



साथ आली की सर्वांना एकच सल्ला मिळतो : घरी राहा. परंतु डायलिसिसवर जगणाऱ्या बहुतेक रुग्णांना हा सल्ला पाळताच येत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील दूषित द्रव्ये व जादा पाणी यंत्राने काढावे लागते. त्यासाठी आठवड्यातून साधारणपणे तीनदा, दर वेळी सुमारे चार तास रुग्णालयात काढावे लागतात. खेपा चुकल्या तर अंगात पाणी साठते, धाप लागते. रक्तातील पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते.

२५ मार्च २०२० पासून कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. वाहने थांबली. त्या काळात भारतातील १९ मोठ्या रुग्णालयांची पाहणी झाली. २५१७ रुग्णांपैकी ७१० जणांच्या एक वा अधिक खेपा चुकल्या. १०४ जण येईनासे झाले. घरी राहावे तर हा धोका, आणि जावे तर एकाच दालनात अनेकांच्या सहवासात तासन् तास पडून राहायचे!

शिवाय या रुग्णांची प्रतिकारशक्ती क्षीण असते. 'ब' प्रकारच्या काविळीची लससुद्धा त्यांना दुप्पट मात्रेने द्यावी लागते. १९६९-७० साली एडिंबरो येथील डायलिसिस विभागात याच काविळीची साथ पसरली. रुग्णांबरोबर कर्मचारीही दगावले. पुढे अशा विभागांतून नियमित रक्ततपासणी, हातमोजे, बाधितांसाठी वेगळे यंत्र हे नियम रूढ झाले.

रुग्णालय आपले नियम पाळील. पण आपले काय? आजाऱ्याची विचारपूस करणे आपल्याकडे सवाबाचे काम मानतात, आणि ते योग्यच आहे. मात्र अंगात कणकण असेल, खोकला असेल, तर त्या दिवशी जाऊ नका. फोनवर खुशाली विचारा. घरात असा रुग्ण असेल तर सर्वांनी वेळच्या वेळी लसी टोचून घ्याव्यात. मुलांनो, शाळेतून आल्यावर प्रथम साबणाने हात धुवा. आणि टाळेबंदीसारखा प्रसंग पुन्हा आलाच, तर मोहल्ल्यात डायलिसिसला कोण जातो, कोणत्या वारी जातो, त्याला नेण्यास कोणाची गाडी मिळेल, याची यादी तरुणांनी आधीच करून ठेवावी.

त्या रुग्णाला घरी थांबता येत नाही. म्हणून त्याच्या वाटेतला धोका कमी करणे आपले काम आहे.